मावशीला किडे दिसेनासे झाले

माझी मावशी सत्तावीस वर्षं पालेभाजीतले किडे शोधायची नोकरी करत होती. ऐकणाऱ्याला आधी हे खोटं वाटतं, मग तो विचारतो, "दिवसभर?" हो, दिवसभर. सकाळी साडेसातला ती ॲप्रन बांधायची आणि दुपारी साडेतीनला सोडायची. मधे अर्धा तास जेवण. त्या जेवणात पालेभाजी नसायची. सुट्टीत काम आणू नये, असं तिचं म्हणणं होतं.

नोकरी एका ज्यू वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. आश्रमाला लागून एक सभागृह होतं, तिथल्या लग्नांचं जेवणही याच स्वयंपाकघरातून जायचं. स्वयंपाक कोशर, म्हणजे धर्मात सांगितलेल्या खाण्याच्या नियमांप्रमाणे. नियम पुष्कळ आहेत, पण इथे दोन माहीत असले तरी भागेल. मांस आणि दूध एका ताटात, एका भांड्यात, एका सुरीखाली येता कामा नये. आणि किडा पोटात जाता कामा नये, मग तो कितीही लहान आणि कितीही गरीब स्वभावाचा असो.

म्हणून स्वयंपाकघराचे तीन भाग होते. डावीकडे मांस, तिथल्या सुऱ्यांच्या मुठी लाल. उजवीकडे दुधाचे पदार्थ, मुठी निळ्या. मधे मावशी, मुठी हिरव्या. तिच्याकडच्या भाज्या आणि सॅलडं ना मांसाची ना दुधाची, त्यामुळे दोन्हीकडच्या ताटांत चालायची. माणूस असा असला तर लोक त्याला नावं ठेवतात. भाजीचा मात्र तो मोठा गुण धरला जायचा.

डावीकडे मुख्य आचारी असायचा. अंगाने धिप्पाड, आवाजाने त्याहून धिप्पाड. त्याच्या मते जेवण म्हणजे मांस, आणि बाकीचं सगळं ताट उघडं पडू नये म्हणून. मावशीच्या सॅलडांना तो "झालर" म्हणायचा. एकदा घाईगर्दीत त्याने तिची हिरव्या मुठीची सुरी उचलून कोंबडी कापली, धुतली आणि गुपचूप परत ठेवली. मावशीने ते बघितलं होतं. तिने रंगाचा डबा आणला, त्या सुरीची मूठ लाल रंगवली, दिवसभर वाळू दिली आणि संध्याकाळी नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" त्याने विचारलं.

"ही आता तुझ्याकडेच नांदणार," मावशी म्हणाली आणि स्टोअरमधून नवी सुरी मागवायला गेली.

तिच्या भागात एक खोल सिंक, एक पांढरं टेबल आणि एक दिव्याची पेटी होती. पेटीला वर दुधी काच आणि आत ट्यूबलाइट. लेट्यूसची पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात बुडवायची, हलवायची, वाहत्या पाण्याखाली धरायची आणि मग एकेक पान काचेवर पसरून दोन्ही बाजूंनी बघायचं. कोथिंबीर, शेपू असल्या बारीक पानांचं धुतलेलं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळायचं आणि फडकं तपासायचं. किडा सापडला की पुन्हा पहिल्यापासून. तीनदा सापडला की जुडी कचऱ्यात.

किड्यांच्या बाबतीत तिची मतं ठाम होती. मावा बावळट असतो, बसला तिथेच बसून राहतो. फुलकिडा म्हणजे पळणारा स्वल्पविराम. नागअळी पानाच्या पोटातच बोगदा काढून संसार थाटते, तिच्याबद्दल मावशीला थोडा आदर होता. गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असायचं, म्हणून सगळं स्वयंपाकघर तिला "भिंगताई" म्हणायचं. भिंगाचा उपयोग मात्र फक्त खात्रीपुरता: ठिपका दिसला तर तो किडा आहे की मातीचा कण, हे ठरवायला. नुसत्या डोळ्यांना जो दिसतच नाही तो नियमाच्या लेखी किडाच नाही. पुढे सगळं भांडण यावरूनच झालं.

घरीही ती तशीच होती. माझे काका, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे आणि दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलायचे. मी लहानपणी त्यांच्याकडे जेवायला गेलो की सॅलडचं वाडगं टेबलावर यायचं आणि काका ते माझ्याकडे सरकवत म्हणायचे, "खा. निर्दोष सुटलंय."

मावशी अठ्ठावन्न वर्षांची असताना एक गोष्ट हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आली: भाजीवाला सुधारला. पूर्वी आठवड्याला दहा-बारा जुड्या कचऱ्यात जायच्या, त्या पाच-सहावर आल्या, मग दोनवर. नंतर एक पूर्ण महिना एकही जुडी फेकावी लागली नाही. मॅनेजर खूश झाले. त्यांनी भाजीवाल्याला आश्रमाच्या कागदावर कौतुकाचं पत्र लिहिलं, त्यात "स्वच्छतेबद्दलची आपली तळमळ" असे शब्द होते. भाजीवाल्याने ते फ्रेम करून दुकानात लावलं.

पण तो मुळात सरळ माणूस. दोन आठवडे त्याने त्या फ्रेमखाली बसून धंदा केला आणि मग त्याला राहवेना. एका सोमवारी दुपारी माल उतरवल्यावर तो मावशीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, एक विचारू? मी असं नक्की काय केलंय?"

"म्हणजे?"

"पत्र आलंय मला. पण माल त्याच शेतातून येतो. तोच माणूस आणतो, त्याच टोपल्यांतून. फवारणीसुद्धा तीच. मी काहीच बदललेलं नाही."

मावशीने हातातली जुडी खाली ठेवली. मग तिने विचारलं, "आज किडे आहेत?"

"ताई, रोजच असतात," भाजीवाला म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही आता मनावर घेत नाही."

त्या दिवशी मावशीने एक लेट्यूसचा गड्डा घरी नेला. स्वयंपाकघरात नेहमीसारखी पानं सुटी केली, मिठाच्या पाण्यात घातली, धुतली, खिडकीच्या उजेडात एकेक पान बघितलं. तिला सगळं स्वच्छ दिसलं. मग तिने माझ्या मावसबहिणीला हाक मारली. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तिला दूरवरच्या बसचा नंबर वाचता यायचा.

"यात काय दिसतं सांग."

बहिणीने अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा आणला आणि पानं बघायला लागली. "हा एक," ती म्हणाली. "हा दुसरा. हे दोघं एकत्र आहेत. आई, हा चालतोय."

ती अकरावर थांबली, कारण मावशीने तिला थांब म्हटलं.

काका दारात उभे होते. मावशी खुर्चीवर बसली. ती रडली वगैरे नाही. तिने फक्त गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "उद्या लग्न आहे. दोनशे चाळीस ताटं. सगळी हिरवी सॅलडं आज मी साफ करून ठेवलीत."

"तुला कळलं कसं नाही?" बहिणीने विचारलं. तिला पुढे कित्येक वर्षं या प्रश्नाचं वाईट वाटत होतं.

"सापडत नव्हते, त्यामुळे मला बरं वाटत होतं," मावशी म्हणाली. "बरं वाटत असताना कोण तपासतं?"

मग काकांनी त्यांचे दिवसाचे उरलेले सगळे शब्द एकदम खर्च केले. "लिफ्टचा तारेचा दोर आतून तुटत जातो," ते म्हणाले. "बाहेरून छान दिसतो. रोज तोच माणूस बघत असेल तर त्याला ते कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा दुसऱ्या माणसाने येऊन बघायचा, असा कायदा आहे. यात कोणाचा अपमान नसतो."

मंगळवारी सकाळी आठ वाजता मावशी मॅनेजरच्या खोलीत गेली. जेवण एक वाजता होतं. मॅनेजर हातात पाहुण्यांची यादी घेऊन उभे होते. त्यांना सारखं आपण कशात तरी अडकलोय असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं.

"हिरवी सॅलडं पाठवू नका," मावशी म्हणाली. "मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"किडे."

"मग चांगलंच आहे की!"

मावशीने सगळं सांगितलं. मॅनेजर खाली बसले. पण ते हुशार होते आणि नियम त्यांनाही पाठ होता. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "ताई, नियम काय म्हणतो? डोळ्यांना दिसत नाही तो किडा नाही. तपासायचं काम तुमचं. तुम्हाला दिसला का? नाही. मग किडा नाहीच. मला तरी यात काही अडचण दिसत नाही."

"तुम्हाला आणि मला दोघांनाही दिसत नाही, हीच अडचण आहे," मावशी म्हणाली. "गुरुजींना बोलवा."

गुरुजी म्हणजे स्वयंपाकघरावर देखरेख ठेवणारे धर्मगुरू. एकाहत्तर वर्षांचे, काटकुळे, हातात कायम चहाचा ग्लास. त्यांनी मॅनेजरची बाजू पूर्ण ऐकून घेतली, कारण बाजू वाईट नव्हती. मग ते मावशीच्या टेबलाशी गेले, साफ केलेल्या ढिगातलं एक पान उचललं, चष्मा काढून खिशात ठेवला, कारण तो फक्त लांबचं बघायचा होता, आणि पान काचेवर ठेवलं.

"एक," ते म्हणाले. "नियम डोळ्यांना दिसेल असं म्हणतो. या बाईंच्या डोळ्यांना, असं म्हणत नाही. तसं असतं तर आंधळ्या माणसाला काहीही खायची मुभा झाली असती."

"आणि गेले काही महिने लोकांनी जे खाल्लं?" मावशीने विचारलं. रात्रभर तिला याच प्रश्नाने झोप लागू दिली नव्हती.

गुरुजींनी चहाचा घोट घेतला. "तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माहीत झाल्यावर पहिल्याच सकाळी तू सांगितलंस. याच्यापुढचा हिशेब तुझ्याकडे नाही." मग म्हणाले, "टेबल रिकामं करा."

सगळं लेट्यूस, शेपू, कोथिंबीर, पार्सली कचऱ्याच्या पिंपात गेलं. नऊ वाजले होते. दोनशे चाळीस ताटांना भाजी नव्हती आणि ती करणारीला नीट दिसत नव्हतं.

मावशी कोठारात गेली आणि हाताने चाचपत ज्या भाज्यांत किडा लपायला जागा नसते त्या बाहेर काढायला लागली. गाजरं. बीट. काकड्या. लाल-पिवळ्या सिमला मिरच्या. वांगी. मुळे. बटाटे. जे सोलता येतं, जे भाजून साल काढता येते, जे गुळगुळीत आहे. फुलकोबीला तिने हात लावला नाही. ती म्हणायची, फुलकोबी म्हणजे किड्यांची चाळ.

मग ती आचाऱ्याकडे गेली. त्याचं मांस ओव्हनमध्ये होतं आणि तो बारापर्यंत रिकामा होता. "हात धू आणि माझी हिरव्या मुठीची किसणी घे," ती म्हणाली. "गाजरं किसायची आहेत. वीस किलो."

"मी?"

"झालर उसवलीय. शिवायला माणूस पाहिजे."

त्याने गाजरं किसली. किसताना तो काही बोलला नाही, ही त्या स्वयंपाकघराच्या इतिहासातली पहिलीच वेळ. मावशीने गाजरात लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू आणि गरम तेल घातलं. काकड्यांचे पातळ काप मिठात दाबून ठेवले, पिळून पाणी काढलं, वर व्हिनेगर आणि किंचित साखर. बीट सालासकट भाजून मग सोललं आणि संत्र्याच्या फोडींत मिसळलं. मिरच्या थेट ज्योतीवर काळ्या केल्या, भांड्यात झाकून घाम फुटू दिला आणि साल बोटांनी उतरवली. वांग्याचा भाजलेला गर तिळाच्या पेस्टमध्ये फेटला. दही घालता येणार नव्हतं, लग्नाचं जेवण मांसाचं होतं. पण तीळ पुरेसे फेटले की ते दह्यासारखं वागतात. बटाट्यांना मोहरी आणि मुळ्याचे काप. हे सगळं तिने हाताने केलं: शिजलंय का ते बोटाने दाबून, मीठ पुरेसं आहे का ते जिभेने. डोळ्यांचं काम तिने कोणालाच सांगितलं नाही, कारण डोळ्यांचं काम उरलंच नव्हतं.

बारा पन्नासला ताटं लागली. दहा मिनिटांनी नवरीची आई स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"हिरवं काहीच नाही?" तिने विचारलं. "मी हिरवं सॅलड सांगितलं होतं."

"काकडी आहे," मावशी म्हणाली.

"काकडी आतून पांढरी असते."

"मग बाहेरून बघा."

नवरीची आई परत गेली. अडीच वाजता आचारी सभागृहात डोकावून आला. त्याने आपली लाल मुठीची सुरी पुसली, परत पुसली, आणि म्हणाला, "मांस उरलंय." मग त्यानेच पुढे सांगितलं, "गाजर संपलं." मावशीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती दिव्याची पेटी धूत होती. धुऊन तिने प्लग काढला, वायर गुंडाळली आणि वर फडकं घातलं.

आश्रमात बातमी पसरायला एक दिवस लागला. काही म्हातारे रागावले, दोघांनी जेवण सोडलं आणि संध्याकाळी परत धरलं. एक्क्याण्णव वर्षांच्या एका आजीबाईंनी मावशीला बोलावून घेतलं. ती घाबरत गेली. आजीबाई म्हणाल्या, "म्हणूनच या वर्षी सॅलडला जरा चव होती."

मावशीने दोन गोष्टी स्वतः सुचवल्या. तपासणाऱ्याचे डोळे दर सहा महिन्यांनी दुसऱ्याने तपासायचे. आणि तिच्या जागी दुसरी बाई घ्यायची. शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलेली एक तिशीतली बाई मिळाली. मावशी फक्त भाज्या शिजवायला राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, चांगला मुरलेला. आधी एक, मग दुसरा, असं चार महिन्यांत ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर पहिल्याच दिवशी ती कामावर गेली आणि नव्या बाईने साफ केलेला शेपू मागून घेतला. अर्धा तास बघितला. भिंग लावून बघितला. काही सापडलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मला वाईट वाटलं," मावशी म्हणाली. "एखादा तरी असायला हवा होता."

गुरुजींनी तिला पेटीवरची जागा परत घेशील का, असं विचारलं. तिने नाही म्हटलं. कारण तोवर बुधवार सुरू झाले होते.

बुधवारचं असं झालं. त्या लग्नाला आलेल्या बायका दुसऱ्याच आठवड्यात आश्रमात येऊन गाजराची कृती विचारायला लागल्या. बोलता बोलता कळलं की पुष्कळ घरांत किडे तपासायच्या धास्तीने भाजीच कमी होत चाललीय. नियम मोडायला नको म्हणून लोक बटाटा आणि पाव खाऊन राहत होते. मावशीने मॅनेजरकडे बुधवारची दुपार मागितली. मॅनेजरनी दिली, कारण लग्नाच्या दिवसापासून ते तिला काही नाकारायच्या मनःस्थितीत नव्हते.

पहिल्या बुधवारी सात बायका आणि एक पुरुष आला. पुरुष म्हणजे निवृत्त पोस्टमन, सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणायचे. ते मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले. मावशीने प्रत्येकाला घरी काय खाता ते विचारलं. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "अंडी. पाव. कधी अंडी नसतात."

"भाजी?"

"ती बायको साफ करायची. मला ते जमत नाही, डोळे तसे नाहीत. ती गेल्यापासून नाही खाल्ली."

"कधी गेल्या?"

"दोन वर्षं झाली मागच्या महिन्यात. भाजी खाल्ली नाही तर नियम तर मोडत नाही ना?"

"नियम मोडत नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही मोडाल." आणि तिने त्यांच्या हातात एक काकडी आणि सोलाणं दिलं.

पोस्टमनकाकांना काकडी सोलता येत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी जी सोलली तिची पेन्सिल झाली. पण बत्तीस वर्षं घरोघर पत्रं वाटलेल्या माणसाला क्रम पाळायची सवय असते. त्यांनी सगळं वहीत उतरवलं, "बीट: आधी भाजणे, मग सोलणे, उलट नाही", आणि दर बुधवारी मागच्या बुधवारचं करून डब्यातून आणायला लागले. मावशी चाखायची आणि शेरा द्यायची. "लिंबू कुठे गेलं?" "हे मऊ नाही, हे खचलंय." एकदा तिने मिरच्यांचा घास घेतला, थांबली आणि दुसरा घेतला. पोस्टमनकाका घरी जाताना रस्त्यात दोघातिघांना हे सांगत गेले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हा सगळ्यांना एका रविवारी दुपारी जेवायला बोलावलं: मावशी, काका, बहीण, मी, गुरुजी आणि आचारी. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बायकोचा फोटो, खिडकीशी सहा न जुळणाऱ्या खुर्च्या आणि एक स्टूल. टेबलावर सात वाडगी होती. गाजर, बीट, काकडी, मिरच्या, वांगं, मोहरीतला बटाटा, आणि सातव्यात हिरवीगार शेपू घातलेली कोवळ्या कांद्याची कोशिंबीर.

मावशीने त्या सातव्या वाडग्याकडे बघितलं. "हा शेपू कोणी साफ केला?"

"प्रयोगशाळेवाल्या बाईंनी," पोस्टमनकाका म्हणाले. "मी नेऊन दिला, त्यांनी बघून दिला. त्यांचे डोळे मार्चमध्ये तपासलेत. मी विचारलं."

आचाऱ्याने टेबलभर नजर फिरवली, वाडग्यांच्या मागे बघितलं, मग ओव्हनकडे बघितलं. ओव्हन बंद होता. "आणि जेवण?" त्याने शक्य तितक्या हळू विचारलं.

पोस्टमनकाकांचा चेहरा पडला. ते खरंच विसरले होते. सकाळपासून सात भाज्या करताना त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं की याच्याबरोबर काहीतरी लागतं. "अंडी आहेत," ते म्हणाले.

"बसा," मावशीने सगळ्यांना सांगितलं.

आम्ही बसलो. आचारी तिसऱ्यांदा वांगं वाढून घेताना कोणाकडे बघत नव्हता. मावशी प्रत्येक वाडग्यातलं थोडं थोडं खात होती आणि आम्ही सगळे, पोस्टमनकाका तर हातातला चमचा तसाच धरून, ती काही बोलते का याची वाट बघत होतो. काका दोनदा पाणी प्यायले. शेवटी मावशीने पाव मोडला, बिटाचा लालभडक रस टिपून घेतला, खाल्ला आणि पोस्टमनकाकांकडे वळली.

"पुढच्या बुधवारी मला जमणार नाही, बहिणीकडे जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही घ्याल का वर्ग?"